पाठीवरची हवा

टॅक्सीकाका पाण्याखाली गेले की शहाण्यासारखे वागायचे आणि पाण्यावर आले की त्यांची अक्कल कुठे जायची कोण जाणे. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी ते इतके शांत, आडवे, अलगद सरकायचे की त्यांचं पोट बघून कुणाला खरं वाटलं नसतं. बाकीची बॅच धडपडत असायची. बँकवाली सारखी वर उसळायची, नवीन लग्न झालेलं जोडपं एकमेकांच्या नळ्यांत अडकायचं. काका मात्र एका जागी, संथ श्वास घेत. मी मनात म्हणायचे, चला, एक तरी बरा विद्यार्थी मिळाला. मग आम्ही वर यायचो आणि काका बटण दाबून जॅकेट गच्च फुगवायचे, पुढे कलंडायचे आणि पाण्यात तोंड घालून पडून राहायचे.

"काका! हवा कमी करा! मागे रेला!"

ढिम्म. सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात असायचा, त्यातून श्वास चालू असायचा, त्यामुळे जिवाची काळजी नव्हती. पण किती वेळ पडून राहावं माणसाने? मी जाऊन त्यांना खांद्याला धरून उताणं करायचे, तेव्हा ते मास्कमागून माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच त्यांच्या कामात लुडबूड केली.

आता ही जॅकेटची भानगड सांगायला हवी. आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या कामात पाठीवर हवेचं सिलिंडर असतं आणि ते धरून ठेवायला जॅकेट. त्या जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस वर तरंगतो, सोडली की खाली जातो. साधं जॅकेट छातीभोवती, कमरेभोवती सगळीकडून फुगतं आणि पाण्यावर माणसाला उभं धरून ठेवतं. माझी जॅकेटं फक्त पाठीमागे फुगतात. पाण्याखाली त्याचं सुख असं की छाती मोकळी राहते आणि शरीर आपोआप आडवं होतं. पाण्यावर मात्र एक पथ्य पाळावं लागतं. पाठीमागे गच्च हवा भरली तर ती तुम्हाला पुढे ढकलते. म्हणून हवा बेताची भरायची आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं. शिवाय मी प्रत्येकाची, पाण्याखाली राहायला लागणारी शिशाची वजनं जॅकेटच्या मागच्या खिशांत घालते, म्हणजे पाठ जरा खाली राहते. शाळेतल्या पोराला कळेल एवढं सोपं आहे हे.

माझ्या थोरल्या भावाला ते पटायचं नाही. क्लास त्याचा, तलाव भाड्याने घेतलेला आणि माझं डोकं खाणं हा त्याचा जोडधंदा. "नवशिक्यांना साधी जॅकेटं दे," तो म्हणायचा. "आधी पाण्यावर नीट राहायला शिकू देत. मग करू देत काय चोचले करायचे ते."

"आधी वाईट सवय लावायची आणि मग ती मोडत बसायचं, हे कुठलं शास्त्र?" मी म्हणायचे.

"दादा म्हणतोय ते एकदा तरी ऐक."

"ऐकलं. आता जा."

तर पहिल्या दिवशी ह्याच वादाच्या तोऱ्यात मी बॅचला सांगितलं होतं, "ह्या जॅकेटला कुणी नावं ठेवली तर त्याला पाठवा माझ्याकडे. शुद्धीवर असलेला माणूस ह्यात बुडूच शकत नाही. मुद्दाम बुडलात तर गोष्ट वेगळी." सगळे हसले. शेवटच्या पायरीवर बसलेल्या टॅक्सीकाकांनी हात वर केला.

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे बायकोला कंटाळून, काका," मी म्हटलं. पुन्हा सगळे हसले. काका हसले नाहीत, पण काही माणसांना विनोद पोचायला वेळ लागतो म्हणून मी सोडून दिलं.

त्यांच्या बायकोला मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं. त्या रोज बरोबर यायच्या, पण आत कधी आल्या नाहीत. तलावाच्या फाटकाबाहेर काका टॅक्सी लावायचे, तिथे काकू मागच्या सीटवर बसून राहायच्या, भाडं ठरवून बसलेल्या गिऱ्हाइकासारख्या. काचा वर. एकदा मी काचेवर टकटक केली आणि म्हटलं, "काकू, आत येऊन बसा ना. पंखा आहे, सावली आहे." त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. माझी कानशिलं तापली. एवढा कसला माज, असं मी दादाला म्हटलंसुद्धा.

मग एक दिवस माझा तोल सुटला. त्या दिवशी बॅचची पाण्यावर तरंगत राहायची परीक्षा होती, रेग्युलेटर तोंडातून काढून. बँकवाली पास झाली. जोडपं हातात हात घालून पास झालं. काकांनी रेग्युलेटर काढला, जॅकेट गच्च फुगवलं आणि सावकाश पुढे झुकून तोंड पाण्यात घातलं. आता श्वासाला काही नव्हतं. मी वाट पाहिली. ते पडूनच. मी एका दमात पोहत गेले, त्यांना उलटं केलं, तर ते खोकत होते, नाकातून पाणी गळत होतं, आणि तरी डोळ्यांत कसला तरी हिशेब चाललेला.

"मरायला आलात का इथे?" मी ओरडले. तलावाच्या भिंतींवरून तो आवाज परत माझ्याच अंगावर आला. "इतके दिवस घसा फोडून सांगतेय, हवा कमी, मागे रेला. तुम्हाला ऐकायचंच नसेल तर उद्यापासून येऊ नका. तुमचं काही झालं तर खडी फोडायला मी जाणार आहे, तुम्ही नाही!"

बँकवालीने तोंड दाबून हसू आवरलं. काकांनी काठ धरला, मास्क काढला, तोंड पुसलं.

"एक विचारायचंय," ते म्हणाले. "ते सांगा, मग नाही येत."

सामानाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. खोली म्हणजे काय, एक मोठा टब क्लोरिनच्या पाण्यातलं सामान विसळायला, भिंतीला आकडे, आकड्यांना लटकणारी ओली जॅकेटं. रबराच्या वासाने नवख्याचं डोकं उठतं. काका स्टुलावर बसले, टॉवेल खांद्यावर.

"पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, शुद्धीवरचा माणूस ह्यात बुडत नाही. मुद्दाम बुडला तरच. हे खरं का?"

"खरं आहे. का?"

"माझी मुलगी ह्यात बुडाली."

माझ्या हातात कुणाचा तरी मास्क होता. तो मी उगाच पुन्हा पाण्यात बुडवला.

ते सांगत गेले, गिऱ्हाइकाला रस्ता सांगावा तसे, न थांबता. गेल्या वर्षी मुलगी समुद्रावर शिकायला जायची, दुसऱ्या गावी. जॅकेट असंच, पाठीवर फुगणारं. डुबकी संपवून सगळे वर आले, एकेक करून बोटीवर चढायला लागले. ती थोडी लांब होती, पाण्यावर पालथी. सगळ्यांना वाटलं खालचे मासे बघतेय, त्यांच्यात पुष्कळ जण तसे बघत पडायचे. तिची चढायची पाळी आली तेव्हा हाक मारली. तिने ओ दिली नाही.

"हृदयाचं काही?" मी विचारलं.

"ठणठणीत होतं. पाणी गेलं होतं छातीत, एवढंच. बोटवाला म्हणाला, जॅकेट गच्च फुगलेलं होतं. फुगलेलं जॅकेट घालून कुणी बुडतं का? तिला वर यायचंच नसेल." काकांनी टॉवेलचं टोक पिळलं. त्यातून पाणी आलं नाही. "महिनाभर आधी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मग काय. नातेवाइकांना तेवढं पुरलं."

"आणि काकू?"

"आदल्या दिवशी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. ही बोलून गेली, जा एकदाची, आम्ही तरी सुटू. आई आहे, रागात तोंडाला येईल ते बोलते. आता हिच्या डोक्यात पक्कं बसलंय, पोरीने तेवढंच मनावर घेतलं. वर्ष झालं. घरात तिचं नाव काढलं की ही ताट सारून उठते. म्हणते, आम्हाला तोंडघशी पाडून गेली, सूड उगवून गेली. मी इथे येतो तर ही पण येते, मी पण जाईन म्हणून. बाहेर बसते."

मला माझी स्वतःची लाज वाटली, माजाबद्दल काय काय बोलले होते ते आठवून. लाज वाटली की मी चिडते, हा माझा स्वभावच आहे.

"मग मी काय सांगू अशी अपेक्षा आहे तुमची? की अपघात होता, म्हणजे काकूंना बरं वाटेल?"

"तसं नाही."

वरच्या जॅकेटमधून पाण्याचे थेंब त्यांच्या पायाशी पडत होते.

"मी धक्क्यावर होतो," ते म्हणाले. "तिला न्यायला गेलो होतो. बोट लांब नव्हती. तिचं पिवळं जॅकेट मला दिसत होतं. मलाही वाटलं, मासे बघतेय. हे हिला ठाऊक नाही. कुणालाच नाही."

मी मास्क टबातून बाहेर काढला.

"तिला जायचंच होतं, तर मी काय करणार होतो? पण जायचं नसेल..." त्यांनी वाक्य तिथेच टाकून दिलं.

मला तेव्हा कळलं की हा माणूस रोज पाण्यात तोंड घालून काय शोधत होता. एक उत्तर त्याच्या बायकोला वाचवणारं होतं, दुसरं त्याला, आणि दोन्ही एकदम खरी असणं शक्य नव्हतं. असल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला येणाऱ्या माणसाला मी अक्कल नाही म्हणत होते.

पण मला माझ्या जॅकेटचाही कैवार होता. म्हटलं, "हे बघा काका, जॅकेट कुणाला मारत नाही. ते नीट लावलेलं असेल तर. वजनं कुठे होती तिची?"

"पोलिसांनी जॅकेट मला उचलायला लावलं, ओळख पटवायला. पुढचे दोन खिसे जड होते. मागे तुमच्यासारखे खिसे नव्हतेच."

"सिलिंडर?"

"चंदेरी, तुमचं आहे तसंच. त्यात हवा जवळजवळ संपलेली होती, आणि रेग्युलेटर तोंडातून सुटलेला होता."

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढे वजन म्हणजे छाती खाली ओढली जाणार. ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की हलकं होतं आणि मागून उचलायला लागतं. त्यात पाठीवर गच्च हवा. तिन्ही एकाच दिशेने ढकलणार. माझ्या तलावात वजनं मागे असतात आणि सिलिंडरं भरलेली असतात, कारण मीच ती तशी ठेवते. मी जे छातीठोकपणे सांगत होते ते माझ्या तलावापुरतं खरं होतं. काका इतके दिवस चुकीच्या जागी बुडून बघत होते.

"उद्या बॅच गेल्यावर या," मी म्हटलं. "मी करून बघते."

संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "ह्यात पडू नकोस. सांगून टाक अपघात होता म्हणून. बाई सुटेल, माणूस घरी जाईल."

"आणि नसला तर?"

"तुला काय माहीत काय होतं ते? तू होतीस तिथे?"

"नव्हते. म्हणून तर बघायचंय."

"तुझ्यापुढे हात टेकले," दादा म्हणाला आणि जेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाव रिकामा होता. दादा सिलिंडर भरायच्या कंप्रेसरचा पट्टा आणायला गेला होता, आणि खरं सांगायचं तर तो नसताना करायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं. मी जुनं जॅकेट घेतलं, सगळं शिसं पुढच्या खिशांत कोंबलं, बॅचने वापरून संपवत आणलेलं सिलिंडर लावलं. काकांना म्हटलं, तुम्ही पाण्यात माझ्या जवळ राहा, आणि मी हात दोनदा आपटला की मला उताणं करा, शिकवलंय तसं. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या जॅकेटमध्ये बेताची हवा ठेवली होती आणि ते नीट मागे रेलून तरंगत होते. इतके दिवस त्यांना सगळं येत होतं.

मी रेग्युलेटर काढला, बटण दाबून जॅकेट गच्च भरलं. पाठीला कुणी तरी गुडघा लावून पुढे ढकलल्यासारखं झालं आणि तोंड पाण्यात गेलं. मी पाय पुढे घेतले, मागे रेलले, आले वर.

"बघा," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता, लपवत नाही. "जमतं."

"तुम्हाला जमतं," काका म्हणाले. "तुम्ही शिकवता. ती शिकत होती. दमलेली पण असेल, त्या दिवशी पाण्याला ओढ होती."

ते खोटं नव्हतं. मी सगळं सामान अंगावर घेऊन तलावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागले, जोरात, पायांत फिन्सचे रबरी पंखे घालून, पोटऱ्या दगड होईपर्यंत. श्वास पुरेना झाला तेव्हा मध्यावर थांबले आणि तशीच, धापा टाकत, बटण दाबलं.

ह्या वेळी मी श्वास घेत असतानाच तोंड पाण्यात गेलं. एक घोट सरळ आत. खोकला आला, आणि खोकल्यानंतर माणूस काय करतो, श्वास घेतो. मी पाणी घेतलं. मग मला मागे रेलायचं आठवलं नाही. खरंच नाही आठवलं. मी इतक्या वर्षांत किती जणांना ओरडून सांगितलेली गोष्ट, ती डोक्यातून पुसून गेली. डोकं वर काढायचं एवढंच उरलं, आणि डोकं वर काढायला मी हातांनी पाणी खाली दाबलं, पायांनी रेटा दिला, आणि प्रत्येक रेट्याने आणखी पुढे कलंडले. उजव्या पोटरीत पेटका आला. हाताने हवा सोडायचं बटण शोधलं आणि भरायचंच दाबलं गेलं. हात आपटायचा होता, तो आपटला की नाही मला ठाऊक नाही. मला तळाच्या फरशा दिसत होत्या, अगदी स्वच्छ, एका फरशीचा कोपरा उडालेला. मला भयंकर भीती वाटली. मला दादा हवा होता, लहानपणी हवा असायचा तसा.

मग खांद्याखाली हात आला आणि आकाश नाही, तलावाचं पत्र्याचं छप्पर दिसलं.

काकांनी मला काठापर्यंत ओढत नेलं. मी काठाला लोंबकळून ओकले, खोकले, रडलेही असेन. बोलता यायला लागल्यावर पहिलं काय केलं असेल तर त्यांच्यावर खेकसले.

"उशीर का केलात? हात आपटला ना मी?"

"नाही आपटलात."

"मग दिसत नव्हतं का, मी बुडतेय ते?"

"नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. "वरून काहीच दिसत नव्हतं. तुम्ही निवांत पडल्यासारख्या दिसत होता. आवाज नाही, पाणी उडत नाही. फक्त पाय हलत होते. थोडे थोडे. ते मला ओळखीचे वाटले. म्हणून बघत राहिलो."

माझा खोकला थांबला.

"तिचे पण असेच हलत होते," ते म्हणाले. "धक्क्यावरून दिसत होते. म्हणून तर मला वाटलं मजेत आहे."

आम्ही तसेच काठ धरून पाण्यात होतो. शेवटी ते पायऱ्या चढून वर गेले आणि सामान उतरवायला लागले, एकेक पट्टा सोडत. जॅकेट नेहमीच्या आकड्याला अडकवलं. ते इतकं व्यवस्थित अडकवलं की मला ते बघवेना.

"काका," मी म्हटलं, "काकूंना मी सांगते. तिला वर यायचं होतं एवढंच सांगते. मी करून पाहिलंय, माझ्यावर विश्वास बसेल त्यांचा. बाकीचं कुणाला कळायचं कारण नाही. तुम्ही धक्क्यावर होतात ते इथेच राहील."

त्यांनी शर्ट घातला. बटणं वरखाली लागली. ती त्यांनी सोडून पुन्हा लावली.

"चला," ते म्हणाले.

बाहेर ऊन तापलेलं होतं. मी अंगाला टॉवेल गुंडाळून, अनवाणीच त्यांच्या मागे गेले. टॅक्सीच्या मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या. मी काचेवर बोट वाजवलं. त्यांनी काच अर्धी खाली केली.

"काकू, मला तुमच्या मुलीबद्दल कळलं."

"मला बोलायचं नाही तिच्याबद्दल," त्या म्हणाल्या आणि काच वर घ्यायला लागल्या. मी काचेवर हात ठेवला. बोटं चेमटली तरी चालतील, अशा हट्टाला मी त्या क्षणी पेटले होते.

"तिने मुद्दाम नाही केलं. मी आत्ता तिच्यासारखंच जॅकेट घालून, तसंच वजन घालून पाण्यात पडले. मी हेच काम करते, जन्म गेला माझा पाण्यात. मला वर येता आलं नाही. तिला यायचं होतं, काकू. तिला घरी यायचं होतं. जमलं नाही एवढंच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझे केस, लाल झालेले डोळे, अजून थरथरणारे हात, सगळं एकेक करून पाहिलं. माझ्या शब्दांपेक्षा त्या हातांनी त्यांना पटवलं असावं.

"खरं सांगतेस?"

"आईशप्पथ."

"माझ्यामुळे नाही?"

"नाही."

त्या मोठ्याने रडल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि त्या पुढे-मागे हलायला लागल्या. "सोनुली," त्या पदराआडून म्हणाल्या. "माझी सोनुली गं. मी काय काय बोलले तुला." एक आख्खं वर्ष त्या बाईने आपल्या मेलेल्या पोरीशी भांडण चालू ठेवलं होतं, आणि आता ते संपलं होतं. मला हायसं वाटलं. मला वाटलं, चला, दोघांतलं एक माणूस तरी वाचलं. मी काकांकडे पाहिलं आणि नजरेनेच म्हटलं, आता गाडीत बसा, घरी जा.

काका गाडीच्या दाराशी उभे होते, किल्ली हातात घेऊन.

"तिचे पाय हलत होते," ते म्हणाले.

काकूंचं रडणं चालूच होतं. "काय?"

"शेवटपर्यंत धडपडत होती पोर. पाय हलत होते तिचे."

"कुणी सांगितलं तुम्हाला? बोटवाल्याने?"

"काका," मी म्हटलं.

"मी बघितले," काका म्हणाले.

काकूंनी पदर खाली घेतला. चेहरा भिजलेला होता आणि त्यावरचं सुटकेचं काही तरी अजून तिथेच होतं, जायला वेळ लागत होता.

"तुम्ही कुठे होतात?"

"धक्क्यावर. तिला आणायला गेलो होतो. तुला सांगितलं की निरोप आल्यावर गेलो, तसं नव्हतं. आधीच पोचलो होतो."

"बघत होतात?"

"हो."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मी मध्ये पडायला हवं होतं, सांगायला हवं होतं की वरून काही दिसत नाही, मीसुद्धा ओळखलं नसतं. ते सगळं खरं होतं. पण त्या दोघांच्या मध्ये माझ्या खऱ्याला जागा नव्हती.

"किती वेळ?" काकूंनी विचारलं.

काका थोडा विचार करून म्हणाले, "एक सिगरेट संपेपर्यंत."

काकूंनी दार उघडलं आणि त्या उतरल्या. पायांत चपला नीट सरकवल्या, पदर खोचला आणि चालायला लागल्या, घराच्या दिशेने की कुठल्या, मला ठाऊक नाही. काकांनी हाक मारली नाही. ते गाडीत बसले, इंजिन सुरू केलं आणि मागचं दार तसंच उघडं ठेवून, फुटपाथला धरून, त्यांच्या चालीने गाडी चालवत राहिले. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. कोपऱ्यापर्यंत दोघं मला दिसत होती, आणि तिथपर्यंत तरी काकू गाडीत बसल्या नव्हत्या.